टाकला की सुटला

मित्रांनो, एका पत्राला नऊ वर्षं उत्तर गेलं नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं ते पत्र माझ्या पोटाखाली ठेवलेलं होतं. त्यात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक, ज्याला पत्र आलं तो धर्माजी. दुसरा मी. धर्माजी लिहीत नव्हता. मला लिहिता येत नाही.

मी एक जुना गोटा आहे. काळा दगड, दोन मणांचा, म्हणजे आजच्या मापात पंचाहत्तर किलोंच्या आसपास. आकाराने मोठ्या फणसाएवढा, पण अंगाने गुळगुळीत. पेणकरपाड्यात धर्माजीच्या अंगणात, तुळशीपासून चार हातांवर मी असतो. माझं आयुष्य सांगण्यासारखं आहे का, याची मला स्वतःलाच शंका आहे. याआधी दोनदा सांगायला सुरुवात केली आणि मनातल्या मनातच थांबलो. पण माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेला आणि दुसऱ्याची बोटं गेली. तेव्हा निदान खरं काय घडलं ते तरी कोणीतरी सांगायला हवं. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म सुरुंगात झाला. घोडबंदरच्या डोंगरात खाण होती. पहारीने खडकात भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. त्या दिवशी वात रेंगाळली. विझली असं समजून एक माणूस बघायला परत आला आणि त्याच क्षणी डोंगर फुटला. मी उडालो आणि वाटेत त्याचा खांदा मोडून खाली पडलो. जगात येऊन मला अर्धा क्षणही झाला नव्हता आणि माझ्या अंगावर माणसाचं रक्त होतं. ते पुसायला कोणी आलं नाही. सगळे त्याच्याकडे धावले, आणि ते बरोबरच होतं.

धर्माजीच्या आज्याने मला बैलगाडीतून आणलं. एका पाथरवटाने महिनाभर छिन्नीने झोडपून माझे सगळे कंगोरे काढून टाकले. बोटं अडकवायला कुठेही जागा ठेवली नाही. हे मुद्दाम केलं होतं. मला नुसत्या बोटांच्या जोरावर कोणी उचलू नये. पाय, पाठ, पोट, छाती, सगळ्यांनी मिळून उचलावं, असं आज्याचं म्हणणं होतं.

त्या काळी इथे मिठागरं होती. आज जिथे सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत तिथे पांढऱ्या मिठाचे ढीग असत. काम सगळं अंगावरचं. चिखलात उभं राहून मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या आणि डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं. टाचांना भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. मला बांधाच्या टोकाला ठेवलं होतं, एका कामासाठी.

धुळवडीच्या सकाळी आगरातला प्रत्येक पुरुष मला जमिनीवरून छातीपर्यंत उचलायचा, तीन पावलं चालायचा आणि खाली ठेवायचा. ज्याला जमलं, त्याने वर्षभर टोपली उचलायची. ज्याला जमलं नाही, त्याने माझ्या डोक्यावर नारळ फोडायचा. नारळ फुटला की त्याचं ओझं संपलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची नेमणूक उघाडीवर, म्हणजे भरतीचं पाणी आगरात घेण्याचं जे लाकडी दार असे, ते उघडण्या-मिटण्याच्या कामावर. त्यात चालणं भरपूर आणि वजन अजिबात नाही. नारळ फोडणाऱ्याला जो हसेल, त्याला त्या दिवशी पंगतीत बसवत नसत. शहाणी पद्धत होती असं मला वाटतं. फक्त एक गोष्ट खरी. बायकासुद्धा तेवढ्याच टोपल्या उचलायच्या, पण त्यांच्या हातात कोणी कधी नारळ दिला नाही. धर्माजीची बायको जिजाबाई हे अजून बोलून दाखवते.

मित्रांनो, मला माणसांची तोंडं फारशी आठवत नाहीत. अंगं आठवतात. विशीतला गडी मला उचलायचा तेव्हा त्याला घाई असायची. तो गुडघे न वाकवता पाठीने ओढायचा, आणि तरी पाठ त्याला माफ करायची. पस्तिशीत तीच पाठ माफ करत नाही. पंचेचाळिशीत मला छातीशी धरलं की आत श्वास अडकलेला ऐकू यायचा. पन्नाशी उलटली की गुडघ्यांतून वाळूवर वाळू घासल्यासारखा आवाज यायचा. साठीला तळहाताची कातडी पातळ होते आणि आतल्या मांसावरून ती सरकते. हे सगळं एकेका वर्षाने व्हायचं, आणि ज्याचं व्हायचं त्याला धुळवडीपर्यंत कळायचं नाही. मला कळायचं.

आणि मी दयाळू नव्हतो. एकाला माझ्यामुळे अंतर्गळ झाला. आतडं कातडीखाली लिंबाएवढं बाहेर आलं. दोघांच्या पायांचे अंगठे मी चेचले. एकदा ठेकेदाराच्या माणसांनी चोरीच्या संशयावरून एका मजुराचा हात माझ्यावर दाबून धरला आणि वरून पहार हाणली. पहिल्या फटक्याला तो ओरडला. दुसऱ्याला नाही. चोरी त्याने केली नव्हती, हे आठ दिवसांनी कळलं. मी फक्त खाली होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ते पुरेसं आहे की नाही, मला माहीत नाही.

पुढे मिठागरं बंद पडली. मला पाड्यातल्या वाचनालयाच्या दाराला टेकू म्हणून लावलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं. वाचनालय आत्माराम मास्तर चालवायचे. डोळ्यांनी अधू असलेल्या म्हाताऱ्यांसाठी ते रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. रविवारी आरोग्याचं पान असे. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात, वापरले तर कमी झिजतात, नुसतं बसून राहिलं तर लवकर झिजतात, आणि झेपणार नाही एवढं ओढलं तर एकदम तुटतात, असं त्यांनी एकदा वाचलं. मी मनात म्हटलं, हे तर मला पाठ आहे. पण म्हातारे म्हणाले, "मास्तर, क्रिकेटचं वाचा."

धुळवडीची पद्धत मात्र टिकली. वाहायला मीठ उरलं नव्हतं, तरी पाड्यातले पुरुष त्या सकाळी मला उचलायला यायचे. आता मी त्या दोन भावांकडे येतो.

धर्माजी थोरला आणि अमृत आठ वर्षांनी धाकटा. धर्माजीने पहिल्यांदा मला उचललं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने एकही धुळवड चुकवली नाही. मिठागर गेल्यावर तो भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात माल चढवायला लागला. अमृत शिकला, टपाल खात्यात चिकटला, पत्रं वेगळी करायच्या टेबलापाशी बसू लागला. बेचाळिसाव्या वर्षी त्याची कंबर धरली. त्या धुळवडीला मी त्याच्या गुडघ्यापर्यंतच गेलो. त्याने हसत नारळ फोडला आणि म्हणाला, "सुटलो बाबा." त्याची चूक तिथे झाली. नारळ फोडल्यावर उघाडीवर चालायला जायचं असतं, पण आता उघाडी नव्हती. तो घरी जाऊन बसला तो बसलाच.

धर्माजीची चूक याच्या उलट. साठ झाली, एकसष्ट झाली, तो थांबेना. त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली. त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट मला धरत नव्हती. ती माझ्या अंगावर नुसती टेकलेली असायची, दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी. त्याने हे कोणालाही सांगितलं नाही. शर्टाची बटणं लागेनात म्हणून तो बंडी घालू लागला. जिजाबाईला वाटलं, उकाड्याने.

ती धुळवड नऊ वर्षांपूर्वीची. वाचनालयाच्या समोरचं मैदान भरलेलं होतं. पाड्यातले लोक, शेजारच्या इमारतींमधले लोक, सगळ्यांच्या हातात मोबाईल. धर्माजी बासष्ट वर्षांचा होता. तो माझ्यापाशी आला आणि हातांना माती चोळू लागला. तेवढ्यात अमृत पुढे आला. त्याच्या हातात नारळ होता.

"दादा, घे. बास झालं आता."

"तुला रं काय घाई झाली मला घरी बसवायची?"

"घाई नाही. तुझा हात बघतोय मी. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोस."

हे त्याने मोठ्याने म्हणायला नको होतं. एकट्यात म्हणाला असता तर कदाचित धर्माजीने ऐकलं असतं. पण लोक ऐकत होते, आणि कोणीतरी हसलं.

धर्माजी म्हणाला, "माझा कप बघतोस? तुझं पोट बघ आधी. बेचाळीसला नारळ फोडलास, आता पाळणा हलवायला घेऊ का तुझ्यासाठी? पंधरा पावलं चालला का कुत्र्यागत धापा टाकतो!"

आता सगळेच हसले. अमृतचं तोंड लाल झालं. "मी निदान कबूल केलं. तू मरशील, पण कबूल नाही करणार. घे, फोड!" आणि त्याने नारळ धर्माजीच्या छातीवर दाबला.

धर्माजीने तो नारळ घेतला आणि अमृतच्या कपाळावर मारला.

नारळ फुटला नाही, कपाळ फुटलं. हिरव्या रंगाने माखलेल्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं तेव्हा ते आधी काळंच दिसलं. अमृतने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. धर्माजीचा ओठ दातांवर चिरला. मग ते दोघं, बासष्ट आणि चोपन्न वर्षांचे, मातीत लोळले. एकाने दुसऱ्याचा कान धरला, दुसऱ्याने त्याच्या बरगड्यांत गुडघा घातला. दोघंही इतके दमले होते की मारण्यापेक्षा धरून ठेवणंच चाललं होतं. लोकांनी ओढून बाजूला केलं. अमृत मातीतच बसला, एक पाय पसरून, धापा टाकत.

आणि धर्माजी माझ्याकडे वळला.

इमारतीतला एक गृहस्थ ओरडला, "अंकल, छोड़ दो, कमर जाएगी!" धर्माजीने मला मिठी मारली. त्याचं काळीज माझ्या अंगावर हातोड्यासारखं आपटत होतं. गुडघे करकरले. मी उठलो, मांडीवर आलो, पोटावर आलो, छातीवर आलो. एक पाऊल. दुसरं पाऊल अमृतच्या दिशेने. तो मातीत बसून वर बघत होता. तो ओरडला, "टाक! हिंमत असेल तर टाक!"

मित्रांनो, इथून पुढचं नीट ऐका. धर्माजीने तिसरं पाऊल उचललं ते मागे वळण्यासाठी. मला त्याच्या कमरेचा पीळ जाणवला. तो वळत होता. आणि वळताना माझा सगळा भार उजव्या हातावर आला. दोन बोटं आधीच मेलेली होती. तिसरं एकट्याने धरू शकलं नाही. माझ्या अंगाला ओलसर माती होती आणि पाथरवटाने एकही कंगोरा ठेवला नव्हता. मी घसरलो.

मी अमृतच्या पायावर, घोट्याच्या खाली पडलो. ओल्या फांदीचा येतो तसा आवाज आला. अमृत ओरडला नाही. त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. ओरडल्या त्या बायका.

लोकांनी मला ढकललं. कोणीतरी धर्माजीची बंडी धरून त्याला हलवलं. "मुद्दाम टाकलास? सख्ख्या भावावर?" धर्माजीने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग त्याने तो पाठीमागे लपवला. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं.

"हो," तो म्हणाला, "टाकला."

त्याला राक्षस म्हणवून घेणं चाललं. हातात जोर उरला नाही, हे म्हणवून घेणं चाललं नाही.

अमृतला मधुमेह होता, आणि किती वर्षं होता ते त्यालाही माहीत नव्हतं, कारण त्याने कधी तपासलंच नव्हतं. जखम भरेना. बोटं काळी पडली. शेवटी अर्धं पाऊल कापावं लागलं. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. घोडबंदरला मुलीकडे, विनिताकडे, राहायला निघून गेला. धर्माजी भेटायला गेला नाही आणि फोनही घेत नसे. चार महिन्यांनी पत्र आलं. आयुष्यभर पत्रांत बसलेल्या माणसाचं पत्र, पिनकोडसकट.

धर्माजीने ते माझ्यावर बसून वाचलं. त्याला हळूहळू, ओठ हलवत वाचायची सवय आहे, म्हणून मलाही ते पाठ झालं. 'दादा, सगळे म्हणतात तू टाकलास. तूही तेच म्हणालास. पण मी खाली होतो आणि मी तुझे हात बघत होतो. एकच विचारतो. टाकलास की सुटला? एक शब्द लिही. टाकला असशील तर मी तुझं नाव घेणार नाही. सुटला असेल तर पायाचं मला काही वाटणार नाही. अमृत.'

धर्माजीने पत्र पिशवीत गुंडाळलं, मला एका बाजूने कलतं केलं आणि खाली सरकवलं. तोवर वाचनालय पाडून तिथे इमारतीचा पाया खणला होता आणि मी त्याच्या अंगणात आलो होतो. लोकांनी ती पद्धत बंद केली. मला कोणी उचलायला आलं नाही. पण दरवर्षी धुळवडीच्या दुपारी, घरचे झोपले की, धर्माजी येऊन मला कलतं करायचा, पत्र काढून वाचायचा आणि परत ठेवायचा. पहिल्या वर्षी मी एका दमात कललो. पाचव्या वर्षी त्याने मध्ये दोनदा श्वास घेतला. आठव्या वर्षी खाली लाकूड सारावं लागलं. मी त्याला सांगू शकलो असतो, तर सांगितलं असतं, अरे, ते पत्र कपाटात ठेव.

यंदा धुळवड होऊन गेली होती. धर्माजीच्या मुलाची मुलगी चांदणी, फिजिओथेरपी शिकते, ती संध्याकाळी अंगणात चहा घेऊन बसली होती.

"आजोबा, मी काल घोडबंदरला गेलेले. अमृतआजोबांकडे."

धर्माजी कपात फुंकर मारत राहिला.

"त्यांचा दुसरा पायपण बिघडायला लागलाय. खास बूट बनवून आणलाय, रोज अर्धा तास चाललं पाहिजे, नाहीतर हाही कापतील. पण ते खुर्चीतून उठतच नाहीत. विनिताआत्या रडत होती."

"मंग काय बोलतो?"

"बोलतात, दादाने मला बसवलंय, तर बसतो. उठायचं कशाला?"

धर्माजीने कप खाली ठेवला. ठेवताना चहा सांडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्यापाशी आला. हातात लाकूड नव्हतं. बहुतेक विसरला. तो उकिडवा बसला, बोटं माझ्या कडेखाली घातली आणि जोर लावला. मी चार बोटं वर उठलो. त्याने डावा हात पत्रासाठी आत घातला आणि मला उजव्या हातावर तोलून धरलं.

एकाहत्तर वर्षांचा हात. त्यातली दोन बोटं अकरा वर्षांपासून मेलेली. मला हलकं होता येत नाही, मित्रांनो. दगडाचं सगळ्यात मोठं दुःख हेच आहे. मी खाली आलो. डावा हात त्याने वेळेवर काढला, उजवा नाही.

त्या किंकाळीने गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. जिजाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. चांदणीने पहार घालून मला उलटवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पापडासारखी चपटी झाली होती, नखं उलटी वळली होती आणि दुधाच्या पिशवीवर रक्ताचं थारोळं साचत होतं.

"अवो कसं झालं? कसं झालं वो?"

"सुटला," धर्माजी विव्हळला. "धरवला न्हाय. सुटला गो."

जिजाबाई त्याचा हात पदरात गुंडाळता गुंडाळता थांबली. तिने पिशवीतलं पत्र बघितलं. अमृतचं अक्षर ती ओळखते.

"आनि तवा?" ती म्हणाली. "अमृतच्या पायावर?"

धर्माजी रडत होता. "तवा पन."

मग जिजाबाईने त्याला मारलं. एका हाताने त्याचा चेचलेला हात घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ती त्याच्या पाठीवर धबाधब मारू लागली. "नव वरसं! नव वरसं बाया नळावर माझ्याशी बोलत न्हाय! राक्षसाची बायको म्हनून खाली मान घालून चालले मी! विनिताच्या पोराच्या बारशाला मला बोलावलं न्हाय! आनि तुमी... करंगळीपायी?"

"आजी, सोड, रक्त चाललंय!" चांदणीने तिला ओढलं. पण तिचाही राग फुटला होता. "आजोबा, हात सुन्न पडायला लागला तेव्हा सांगायचं ना! मोबाईलची बॅटरी उतरली तरी लोक गावभर सांगत फिरतात!"

दवाखान्यात दोन्ही बोटांची टोकं काढून टाकावी लागली. डॉक्टरांनी मान तपासली आणि सांगितलं की हाताकडे जाणारी नस मानेतच दबली आहे, आणि ते बरंच जुनं आहे. दहा वर्षांपूर्वी आला असतात तर हात बराच वाचला असता. आता उरलाय तो टिकवायचा. मला हे चांदणीकडून कळलं. ती फोनवर विनिताला सांगत होती. सुटल्याचं मात्र तिने सांगितलं नाही. ते आजोबांनीच सांगायचं, असं ती म्हणाली.

"मी नंबर लावून देते, बोला," तिने धर्माजीला म्हटलं.

"न्हाय. त्यानं लिवून विचारलं. मी लिवून सांगनार."

"या हाताने?"

"दुसरा हाय ना."

तीन दिवस तो माझ्याशेजारी पाट टाकून बसला, माझ्या पाठीवर पुठ्ठा ठेवून, डाव्या हाताने लिहीत. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी. पेन सटकायचं, कागद फाटायचा, तो स्वतःलाच शिव्या द्यायचा. जिजाबाई भांडी घासता घासता ओरडायची, "मोठं मोठं लिवा, त्याला चष्मा लागलाय!" पुठ्ठ्यातून प्रत्येक अक्षर माझ्या पाठीत उमटलं, म्हणून मला ते सांगता येतं:

'अमृत, सुटला. दोन वर्षं आधीपासून बोटं मेली होती. तुला दिसलं होतं ते खरं होतं. लोकांत लाज वाटली म्हणून टाकला म्हणालो. पाय माझ्याच हातून गेला, ते मी नाकारत नाही. आता तू बूट घाल. सोमवारपासून मी सकाळच्या बसने येतो. घोडबंदर किल्ल्याच्या रस्त्याने चालू. मला मारायचं असेल तर मार, पण उभा राहून मार. दादा.'

मित्रांनो, उपदेश करायला मी घाबरतो. ज्याने एवढी हाडं मोडली त्याने आरोग्यावर काय बोलावं? तरी एक विनंती करतो. तुमच्या घरात कोणी कप दोन्ही हातांनी धरू लागलं, जिन्यात कठड्याला घट्ट धरू लागलं, बटणांचे शर्ट घालणं सोडू लागलं, तर चारचौघांत बोलू नका आणि हसू तर मुळीच नका. जवळ जाऊन हात हातात घ्या आणि बोटं एकेक करून दाबून बघा. दुखतं का विचारा. डॉक्टरांकडे बरोबर जा. आणि जे नुसते बसून राहिले आहेत त्यांनाही उठवा, प्रेमाने, रोज थोडं थोडं. अंग बदलणारच. मी शंभर अंगं बदलताना पाहिली, एकही चुकलं नाही. ज्याने वेळेवर सांगितलं तो त्यानंतर बरीच वर्षं चालता राहिला, एवढंच मी सांगू शकतो.

लाल पेटी गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला आहे. माझ्या जागेवरून ती दिसते. मंगळवारी सकाळी धर्माजी पाकीट घेऊन निघाला. चांदणी म्हणाली, "मी टाकून येते." त्याने मान हलवली. पट्ट्या बांधलेला हात गळ्यात अडकवून, पाकीट डाव्या हातात धरून तो चालत गेला. नळावरच्या बायकांनी बोलणं थांबवलं. तो त्यांच्यासमोरून गेला, मान वर करून नाही आणि खाली घालूनही नाही.

पेटीपाशी तो बराच वेळ उभा राहिला. पाकीट अर्धं आत, अर्धं हातात. एक रिक्षा मध्ये आली आणि मला काही दिसेना. रिक्षा गेली तेव्हा त्याचा डावा हात रिकामा होता.

दारातून जिजाबाई ओरडली, "पडलं का आत?"

"पडलं," धर्माजी तिथूनच म्हणाला.